संदर्भ कोणाच्या मालकीचे?

प्रबंध लिहिताना ग्रंथ वाचण्यापेक्षा त्या ग्रंथांची सूची नीट लावण्यातच विद्यार्थ्याचा जीव अधिक जातो. आडनाव आधी की नाव आधी, साल कंसात की शेवटी, संपादकाचे नाव कुठे, या नियमांत त्याच्या रात्री सरतात. श्रीमंत विद्यापीठांनी यावर संगणकाचा उपाय विकत घेतला. परंतु त्या उपायाला कुलूप होते आणि किल्ली कंपनीच्या हातात होती. ज्यांच्यापर्यंत ज्ञान पोहोचू नये म्हणून शतकानुशतके बंदोबस्त केला गेला, त्या समाजाने तरी हे कुलूप कसे उघडले ते जाणून घेतले पाहिजे.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जॉर्ज मेसन हे सरकारी विद्यापीठ आहे. तेथील इतिहासाच्या अभ्यासकांनी २००६ साली 'झोटेरो' ही संगणकप्रणाली लोकांना मोफत दिली. संगणकावर एखाद्या ग्रंथाची नोंद समोर असताना एक बटण दाबले की लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल हे सारे आपल्या संग्रहात जमा होते आणि लेखनात हव्या त्या पद्धतीने संदर्भ छापला जातो. साठवणुकीची जागा ३०० एमबीपेक्षा अधिक हवी असेल तर पैसे पडतात. प्रणालीला पडत नाहीत. तिची आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी आणि पुढे द्यावी, अशी मोकळी आहे. यालाच मुक्त स्रोत म्हणतात.

आता प्रश्न असा की, यात ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काय काम? आमचे उत्तर असे की, त्याच्यावाचून हे काम नीट होऊच शकत नाही. प्रत्येक ग्रंथालयाची, प्रत्येक नियतकालिकाची नोंद वेगळ्या साच्यात असते. तो साचा झोटेरोला समजावा म्हणून एक छोटा कार्यक्रम लिहावा लागतो. त्याला तेथे 'ट्रान्सलेटर', म्हणजे दुभाषा म्हणतात. असे शेकडो दुभाषे आहेत आणि त्यांतले अनेक स्वयंसेवकांनी लिहिलेले आहेत. संगणक जाणणारा कार्यक्रम लिहील. पण आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक, लेखक आणि संपादक यांतला फरक त्याला कोण सांगणार? तालिकीकरणाचे धडे गिरवणारा विद्यार्थीच सांगणार. ग्रंथ वापरासाठी असतात, हा रंगनाथनांचा १९३१ सालचा पहिला नियम तो पहिल्याच वर्षी शिकतो. हा नियम परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतून बाहेर काढून कामाला लावण्याची ही जागा आहे.

हा फरक किरकोळ वाटत असेल तर एक उदाहरण देतो. बाबासाहेबांचा 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली समग्र वाङ्मयाचा पहिला खंड १९७९ साली काढला आणि हा ग्रंथ त्यात आला. विद्यार्थी खंडावरून नोंद घेतो आणि प्रबंधात छापले जाते, आंबेडकर १९७९. म्हणजे महापरिनिर्वाणानंतर तेवीस वर्षांनी बाबासाहेबांनी हा ग्रंथ लिहिला! परदेशातला वाचक यावरून काय समजणार? झोटेरोत 'एक्स्ट्रा' नावाच्या रकान्यात मूळ प्रकाशनाचे साल नोंदवण्याची सोय आहे. ती माहीत असेल आणि वापरली तर १९३६ हे साल शाबूत राहते. विचारांचा कालक्रम बिघडला की इतिहास बिघडतो, हे चळवळीच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

हे फुकटचे काम कोणाच्या डोळ्यांत खुपले नाही, असे नाही. 'एंडनोट' ही विकत मिळणारी संदर्भप्रणाली त्या वेळी थॉमसन रॉयटर्स या बड्या कंपनीची होती. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीने व्हर्जिनियाच्या न्यायालयात दावा लावला आणि वर्षाला किमान १ कोटी डॉलरची भरपाई मागितली. तक्रार काय होती? एंडनोटच्या संदर्भशैलीच्या फायली झोटेरोला वाचता येऊ लागल्या, सबब विद्यापीठाने परवान्याचा करार मोडला. संदर्भशैली म्हणजे काय? स्वल्पविराम कुठे आणि साल कुठे, हे नियतकालिकांनी स्वतः जाहीर केलेले नियम! ते फायलीत कोंबले की त्यांच्यावर कंपनीचा हक्क बसतो काय? विद्यापीठ झुकले नाही. जून २००९ मध्ये दावा फेटाळला गेला. दरम्यान स्वयंसेवकांनी खुल्या भाषेत स्वतंत्र शैली लिहीत नेल्या. आज त्या खुल्या भांडारात दहा हजारांहून अधिक शैली आहेत.

वकील म्हणून आम्ही येथे आपल्या कायद्याकडेही लक्ष वेधू इच्छितो. कॉपीराइट कायदा १९५७ मधील कलम ५२(१), खंड (एबी) सांगतो की, कायदेशीररीत्या प्रणाली बाळगणाऱ्याने तिचा दुसऱ्या स्वतंत्र प्रणालीशी मेळ बसवण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवली, आणि ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसेल, तर तो कॉपीराइटचा भंग नव्हे. ही तरतूद १९९९ च्या दुरुस्तीने आली. परवान्याच्या बारीक अक्षरांतून हा हक्क काढून घेता येईल काय, हा वेगळा वाद आहे. पण कायद्याने दिलेला हक्क आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊकच नसेल तर तो असून नसल्यासारखाच.

आता आपल्या घरात डोकावू या. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर दरवर्षी पुस्तकांचे स्टॉल लागतात, आमचा माणूस पोटाला चिमटा घेऊन पुस्तक विकत घेतो. पण त्यांतल्या कितीतरी पुस्तिकांवर आयएसबीएन नसतो, काहींवर प्रकाशनाचे सालही नसते. आयएसबीएन टाकला की झोटेरो नोंद शोधून आणते. तो क्रमांकच नसेल तर काय आणणार? जे नोंदीत नाही ते संदर्भात येत नाही, आणि जे संदर्भात येत नाही ते विद्यापीठाच्या लेखी लिहिलेच गेलेले नसते. पुढे हेच विद्वान म्हणतात, या विषयावर साहित्य उपलब्ध नाही!

म्हणून ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे. पदवीसाठी प्रकल्प करायचाच आहे, तर तो कपाटात धूळ खाणारा करू नका. आपल्या वस्तीतल्या वाचनालयातील पुस्तिका हाती घ्या, मुखपृष्ठ व आतले पान पाहून लेखक, प्रकाशक, गाव, साल यांची अचूक नोंद करा आणि झोटेरोच्या सामायिक संग्रहात सर्वांसाठी खुली ठेवा. ज्यांना आज्ञावली लिहिता येते त्यांनी मराठी ग्रंथसूचींसाठी दुभाषे लिहावेत. प्रकाशकांनीही पुस्तकावर साल छापण्याची आणि आयएसबीएन घेण्याची शिस्त लावून घ्यावी. आपल्या ग्रंथांची नोंद दुसरा कोणी करील या भरवशावर राहिलो, तर उद्या आपलेच वाङ्मय शोधायला आपल्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागेल.