उजेडाचा भाव

डिसेंबरात दुबईत सकाळी सातच्या सुमाराला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य मावळतो. अठरा होलांची गोल्फची एक राउंड चार-साडेचार तास चालते. अंधार पडायच्या आत ती पुरी करायची तर पहिला फटका दुपारी एकच्या आत मारायला हवा. सात ते एक म्हणजे सहा तास. दर दहा मिनिटांनी चौघांची एक तुकडी सोडली तर 36 तुकड्या होतात, 144 माणसं. एका टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, त्या दिवशी विकायला एवढाच माल असतो. जूनमध्ये साडेपाचलाच उजाडतं, सात वाजून गेल्यावर मावळतं. तीन तास जास्त उजेड, पण पारा 40 च्या आसपास आणि मैदानावर चिटपाखरू नाही. गिऱ्हाईक येतं तेव्हा उजेड तोकडा, उजेड भरपूर असतो तेव्हा गिऱ्हाईक नाही. तिथल्या गोल्फची सगळी दरपत्रकं या एका अडचणीतून निघाली आहेत.

हे मला भाच्याने दाखवलं. तो दुबईतल्या एका क्लबच्या बुकिंग डेस्कवर काम करतो. "क्लबचं नाव तेवढं लिहू नकोस, आत्या," एवढीच त्याची अट. मला गोल्फ खेळता येत नाही. आम्हा नाशिककरांचा गोल्फ क्लब म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी माणसं फिरायला येतात, आणि गोल्फ कोणी खेळत नाही. पण त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्यावर मला त्या खेळापेक्षा त्याच्या पडद्यावरचा तक्ता जास्त रंगतदार वाटला.

त्या तक्त्याला टी-शीट म्हणतात. डावीकडे वेळा: 7:00, 7:10, 7:20. प्रत्येक वेळेपुढे चार घरं. भरलेलं घर एका रंगाचं, पैसे आलेले पण नाव न आलेलं दुसऱ्या, हॉटेलवाल्यांना राखून ठेवलेलं तिसऱ्या. भाच्याची सकाळ घरं मोजण्यात जाते. "सात वीसला तिघेच गेले तर चौथी जागा साडेसातला विकता येत नाही ना!" तो म्हणतो. मंगल कार्यालयवाल्याला मुहूर्ताची तारीख रिकामी गेल्यावर जे वाटतं, ते इथे दर दहा मिनिटांनी वाटत असणार.

म्हणून त्याचा मोठा शत्रू आहे टू-बॉल, म्हणजे दोघंच येणारे. शनिवारी सकाळी साडेसातची वेळ दोघांनी मागितली की तो ताबडतोब दुसरी जोडी शोधायला लागतो. नवरा-बायकोला अनोळखी दोघांबरोबर खेळायला सांगणं हे नाजूक काम. फोनवर त्याचा आवाज त्या वेळी अगदी लोण्यासारखा होतो. बहुतेक जण मानतात. न मानणाऱ्यांना दुपारची वेळ दिली जाते आणि ती स्वस्त आहे हे आवर्जून सांगितलं जातं. आदल्या दिवशी रद्द केलं तर पैसे परत नाहीत, आलाच नाहीत तरी नाहीत. कार्ड आधीच घेतलेलं असतं.

हॉटेलं आणि सहल कंपन्या महिनोन्‌महिने आधी ठरीव दराने वेळा उचलून ठेवतात. युरोपात मैदानं गारठलेली असतात तेव्हा ब्रिटिश, जर्मन, स्वीडिश मंडळी इकडे येतात. ठरलेल्या तारखेपर्यंत त्यांनी नावं दिली नाहीत तर घरं परत डेस्ककडे येतात, आणि मग ती चढ्या दराने विकायची की रिकामी राहण्याच्या भीतीने उतरवायची, हा प्रश्न रोज संध्याकाळी पडतो.

साहजिकच वाटतं की दहाऐवजी आठ मिनिटांनी तुकड्या सोडाव्यात. सहा तासांत 36 ऐवजी 45 तुकड्या. 36 माणसं जास्त. प्रत्येकी हजार दिरहम धरले तर एका सकाळीत 36,000 दिरहम. हा मोह किती महागात पडतो ते मला एका पार-3 होलच्या कडेला उभं राहिल्यावर कळलं. पार-3 म्हणजे एका फटक्यात चेंडू ग्रीनवर, भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, न्यायचा असा आखूड होल. पुढचे चौघं ग्रीनवरून हलेपर्यंत मागच्यांना फटका मारता येत नाही. लांब होलवर दोन-तीन तुकड्या पुढेमागे चालू शकतात, इथे एकच. एका तुकडीला हा होल संपवायला नऊ मिनिटं लागत असतील आणि तुम्ही दर आठ मिनिटांनी माणसं सोडत असाल, तर प्रत्येक तुकडीमागे एक मिनिट साठत जातं. तिसाव्या तुकडीला अर्धा तास बग्ग्यांच्या रांगेत बसावं लागतं. मग मार्शल नावाचा माणूस बग्गीतून येऊन हसत हसत "जरा भरभर" असं सुचवतो. हजार दिरहम मोजलेल्या माणसाला घाई करायला सांगण्याचं काम मला तरी जमलं नसतं.

कॉर्नेल विद्यापीठातल्या शेरिल काइम्स यांनी 2000 साली हीच गोष्ट मांडली होती. विमान कंपन्यांनी 1980 च्या दशकात आसनांचे दर मागणीनुसार हलवायला सुरुवात केली, हॉटेलांनी ते उचललं, आणि काइम्स यांनी तो हिशोब गोल्फला लावून पाहिला. विमानाचं आसन किती तास अडणार हे ठाऊक असतं. गोल्फची राउंड किती वेळ अडणार ते खेळणाऱ्याच्या हातात. म्हणून दर ठरवण्याआधी वेळ आवरायला हवी, असा त्यांचा रोख. भाच्याने त्यांचं नाव ऐकलेलं नाही, पण त्याच्या क्लबने बग्गीवर जीपीएस लावून तेच केलं आहे. कोणती तुकडी कुठे रखडली ते त्याला पडद्यावर दिसतं.

आता दर. दुबईतलं सगळ्यात नावाजलेलं मैदान म्हणजे एमिरेट्स गोल्फ क्लबचं मजलिस. ते 1988 साली सुरू झालं, आखाती देशांतलं पूर्ण हिरवळीचं पहिलं मोठं मैदान. त्याआधी गोल्फ वाळूत खेळत. 1971 पासून चाललेल्या दुबई कंट्री क्लबात ग्रीनच्या जागी तेल मिसळून बसवलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत, आणि खेळाडू कृत्रिम गवताचा तुकडा बरोबर घेऊन फिरत. चेंडू जिथे पडेल तिथे तो अंथरायचा आणि फटका मारायचा. हिरवळ आली, स्पर्धा आल्या, दर वाढले. हिवाळ्यातल्या शनिवारी सकाळी मजलिसवर एका राउंडला हजार दिरहमच्या वर मोजावे लागतात. एका दिरहमचे तेवीस-चोवीस रुपये धरा. त्यात बग्गी येते, 2018 पासूनचा पाच टक्के व्हॅटही आलाच. उन्हाळ्यात दुबईभर दर निम्म्यावर येतात, काही ठिकाणी त्याहून खाली.

गंमत अशी की गवताचा खर्च याच्या बरोबर उलटा चालतो. उन्हाळ्यात पाणी सगळ्यात जास्त लागतं. ते सांडपाणी शुद्ध करून किंवा समुद्राचं पाणी गोडं करून मिळवलेलं. याच महिन्यांत ग्रीन्स उकरून, वाळू भरून दुरुस्त करायच्या असतात, कारण तिथलं गवत उन्हातच जोमाने वाढतं. माणसांचे तास मात्र कमी मिळतात: 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला देशभर बंदी आहे. म्हणजे मैदान राखणं सगळ्यात महाग पडतं तेव्हा फी सगळ्यात कमी. खर्चात नफा मिळवून दर काढायची आपली दुकानदारी इथे उपयोगाची नाही. फी गवताची नाहीच, गार हवेतल्या उजेडाची आहे.

पंचांग बदललं की दरपत्रकही बदलतं. 2006 पर्यंत सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवारची होती, मग शुक्रवार-शनिवारची झाली, आणि 1 जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार, शुक्रवारी अर्धा दिवस. शारजात तर शुक्रवारपासून तिन्ही दिवस सुट्टी. बऱ्याच क्लबांनी सोय पाहून शुक्रवारही महागाच ठेवला. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2025 मध्ये तो 1 मार्चला सुरू झाला, म्हणजे ऐन हंगामात. इफ्तारच्या आधीचे दोन तास डेस्कवर शांतता असते आणि ट्वायलाइटचा, म्हणजे दिवस कलतानाचा, दर तेवढ्यापुरता पडतो. जानेवारीत मजलिसवर डेझर्ट क्लासिक ही व्यावसायिक स्पर्धा होते. रोरी मॅकिलरॉयने 2009 मध्ये व्यावसायिक कारकिर्दीतली पहिली स्पर्धा इथेच जिंकली. स्पर्धेसाठी मैदान बंद, आणि ती संपली की त्याच ग्रीन्सवर खेळायला मिळावं म्हणून लोक तुटून पडतात.

अलीकडे दर रोज, कधी दिवसातून दोनदा हलवणारी संगणकप्रणाली आली आहे. भाच्याच्या डेस्कवरही ती आहे. उद्याची दहाची वेळ निम्मी भरली की दर चढवायला सुचवते, परवाची रिकामी दिसली की उतरवायला. पण एकाच तुकडीतल्या चौघांनी चार दर मोजलेले असतात, आणि पहिल्या होलवर गप्पांत ते एकमेकांना कळतं. मग नवव्या होलनंतर डेस्कवर फोन. "सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक सगळ्यांत जास्त भरतं, असं कसं?" या प्रश्नाला भाच्याकडे उत्तर नाही. त्याचा उपाय साधा आहे: फलकावर सर्वांत चढा दर लिहायचा आणि बाकी सगळं सवलत म्हणून द्यायचं. अमेरिकी गोल्फ खेळाडूंच्या मतांवर काइम्स आणि योखेन विर्ट्झ यांनी केलेल्या अभ्यासातही हेच आढळलं होतं. तीच रक्कम सवलत म्हणून मांडली तर रुचते, जादा आकार म्हणून मांडली तर खुपते. मला यात थोडी चलाखी दिसते, पण फसवणूक नाही. एमिरेट्स आयडी दाखवणाऱ्या रहिवाशांना बऱ्याच ठिकाणी वेगळा, कमी दर आहे, हे त्यांतलं सर्वांत न्याय्य.

तरीही या मैदानांना सार्वजनिक म्हणावं का? नगरपालिकेने सर्वांसाठी राखलेलं गोल्फ मैदान दुबईत मी पाहिलं नाही. दार उघडं आहे ते पैसे भरणाऱ्याला. पण ते खरोखर उघडं आहे, हेही लक्षात घ्या. मॅकिलरॉय जिथे जिंकला तिथे उद्या सकाळी सोलापूरचा व्यापारी कार्ड चालवून खेळू शकतो. फार तर हँडिकॅपचा, म्हणजे खेळातल्या पातळीचा, दाखला मागतील. मुंबईच्या विलिंग्डन क्लबमध्ये त्याला आधी एखादा सदस्य मित्र गाठावा लागेल. आपल्याकडे ओळख दार उघडते, तिकडे दर. मला दर बरा वाटतो. निदान तो आधी कळतो.

तिसरीही रीत आहे. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान सार्वजनिक न्यासाकडे आहे. तिथे बऱ्याच वेळा चिठ्ठ्या टाकून दिल्या जातात, गावकऱ्यांना वर्षाचं स्वस्त तिकीट मिळतं, आणि रविवारी मैदान बंद असतं, लोक तिथे कुत्री फिरवतात. न्यूयॉर्क राज्याच्या बेथपेज ब्लॅकवर राज्याच्या रहिवाशांना बाहेरच्यांपेक्षा बराच कमी दर आहे, आणि सकाळच्या जागेसाठी लोक रात्री गाडीत झोपतात. मागणी सगळीकडे उजेडापेक्षा जास्तच. तो वाटायचा कसा, हे ठरतं जमीन कोणाची आहे यावर.

उजेड विकत आणायचा खटाटोपही दुबईने केला आहे. एमिरेट्स क्लबच्या फाल्डो मैदानावर रात्री अठराही होल दिव्यांत खेळता येतात. दुबई क्रीक क्लबचं नऊ होलांचं पार-3 मैदानही रात्री उजळतं. त्या क्लबची शिडांच्या आकाराची इमारत वीस दिरहमच्या नोटेवर होती. उन्हाळ्यातली रात्रीची राउंड हा तिथला खरा शोध. दमटपणाने चष्मा धुकट होतो, पण डेस्कवरची घरं भरतात.

आपल्या लोकांना एवढंच सांगते. दुबईला मुलांकडे जाणार असाल आणि गोल्फ एकदा करून पाहायचं असेल, तर नोव्हेंबर ते मार्चचा शनिवार सोडा. आठवड्यातली दुपार किंवा क्रीकचे रात्रीचे नऊ होल बघा. दोघंच असाल तर आधीच सांगा की आम्हाला कोणाबरोबरही चालेल, वेळ लवकर मिळेल. नवी मुंबईत राहत असाल तर त्याआधी खारघरला जा. तिथलं मैदान सिडकोचं, म्हणजे सार्वजनिक जमिनीवरचं, आणि सदस्य नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं. उद्या तिथेही कोणी टी-शीट आणि हलते दर आणले तर सिडकोने आठवड्यातली एक सकाळ खारघरच्याच रहिवाशांसाठी ठरीव, परवडणाऱ्या दरात राखून ठेवावी.