टाचेमागची दोरी

सुट्टी लागली की सह्याद्रीच्या कड्यांवर दोर लावून चढणारी मुलेमुली आता पुष्कळ दिसतात. हा खडक बेसाल्टचा. त्याच्या उभ्या भिंतीवर पाय ठेवायला मिळते ती बहुधा बोट-दोन बोटे रुंदीची खाच किंवा कंगोरा. तेथे सारे पाऊल मावत नाही. अंगठ्यावर आणि चवड्यावर उभे राहावे लागते. अशा चढाया वरचेवर केल्या, की एखाद्या सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेच्या वर कळ येते. थोडे चालल्यावर ती कमी होते, म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. ही कळ का येते आणि ती आल्यावर काय करावे, हे समजायला शरीरशास्त्राबरोबर थोडे पदार्थविज्ञानही लागते.

पाऊल ही एक तरफ

पोटरीचे स्नायू खाली निमुळते होत एका जाड, चिवट दोरीत मिळतात आणि ती दोरी टाचेच्या हाडाला मागून जोडलेली असते. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या अशा दोरीला कंडरा म्हणतात. ग्रीक पुराणकथेतील वीर अकिलीस याची टाच तेवढी दुबळी होती, त्यावरून हिचे नाव अकिलीस कंडरा. नाव दुबळ्या जागेवरून पडले, तरी आपल्या शरीरातील ही सर्वांत जाड व बळकट कंडरा होय.

आता एक फूटपट्टी घ्या. बाहेरच्या घोट्याच्या उंचवट्यापासून मागे या दोरीपर्यंतचे आडवे अंतर मोजा. ते सुमारे ५ सेंटिमीटर भरेल. त्याच बिंदूपासून पुढे अंगठ्याच्या मांसल भागापर्यंतचे अंतर सुमारे १५ सेंटिमीटर भरेल. घोटा हा टेकू. समजा, तुमचे वजन ५० किलोग्रॅम आहे आणि सारा भार एका अंगठ्यावर आहे. तरफेचा नियम तुम्हांला ठाऊक आहेच :

बल × बलभुजा = भार × भारभुजा
बल × ५ = ५० × १५

म्हणजे दोरीवरचा ताण १५० किलोग्रॅम वजनाइतका, तुमच्या वजनाच्या तिप्पट! घोट्याच्या सांध्यावर तर दोन्ही बलांची बेरीज, म्हणजे २०० किलोग्रॅमचा दाब पडतो. हातांनी काही भार उचलला तर हे आकडे उतरतात. पाय सटकून सावरताना झटका बसला तर क्षणभर बरेच वाढतात.

एवढ्या ताणाने निरोगी कंडरा तुटत नाही. पण असे ताण शेकडो वेळा आणि पुरेशा उसंतीविना बसले, की तिच्यातील कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची समांतर रचना विस्कटू लागते. टाचेच्या वर २ ते ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात कंडरेला रक्तपुरवठा बेताचाच असतो. दुखणे बहुधा तेथेच उद्भवते आणि दुरुस्तीही सावकाश होते.

दोरीचे वय

ही दुरुस्ती किती सावकाश होते, हे अणुबाँबमुळे कळले असे सांगितले तर आश्चर्य वाटेल! १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात केलेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते वर्षावर्षाला उतरत गेले. हा कार्बन वनस्पतींतून अन्नात आणि अन्नातून शरीरात येतो. त्यामुळे शरीराचा जो भाग ज्या साली घडला, त्या सालाचा शिक्काच जणू त्यावर उमटतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली अकिलीस कंडरेवरील हा शिक्का वाचला. तिचा गाभा वयाच्या पहिल्या १७ वर्षांच्या सुमारास घडून पुरा होतो. पुढे त्यात फारशी नवी भर पडत नाही, असे त्यांना आढळले. स्नायूंतील द्रव्य मात्र नवे होत राहते.

यातला तुमच्या कामाचा भाग असा : जी दोरी जन्मभर पुरवायची आहे, ती तुमच्या शरीरात आत्ता वळली जात आहे. सरावाने स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, कंडरेला मात्र महिने लागतात. अंगात बळ आले म्हणून चढाया एकदम दुप्पट करू नका.

विश्रांती की व्यायाम?

कळ आली की चढाई काही दिवस थांबवावी, हे खरेच. परंतु महिनाभर नुसते पडून राहिल्याने कळ गेली तरी दोरी बळकट होत नाही. पुढच्या कड्यावर दुखणे पुन्हा हजर! स्वीडनमधील शल्यचिकित्सक हॉकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली १५ हौशी खेळाडूंवर वेगळा उपाय करून पाहिला. दोन्ही चवडे पायरीच्या कडेवर ठेवून वर उठायचे, मग सारा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीखाली न्यायची आणि वर येताना चांगल्या पायाचा आधार घ्यायचा. असे १५ वेळा, तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून व तीन फेऱ्या किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. रोजचे १८० वेळा झाले! ते सर्व खेळाडू पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले. भार सावकाश वाढवणारे इतर व्यायामही असेच गुणकारी ठरतात, हे पुढे दिसून आले. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढली असेल, तर भार जास्त झाला असे समजावे.

मात्र हे खेळाडू प्रौढ होते. तुमच्या वयात टाचेच्या हाडाची वाढ चालू असू शकते आणि दुखणे त्या हाडाचेही असू शकते. म्हणून डॉक्टरांना पाय दाखवून मगच व्यायाम सुरू करावा. दुखणे अगदी हाडालगत असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नये. ‘फट्’ असा आवाज होऊन चवड्यावर उठताच येईनासे झाले, तर दोरी तुटल्याची शंका धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कड्यावर आणखी दोन गोष्टी पाळा. कंगोरा रुंद असेल तर पाऊल अधिक आत सरकवा. भारभुजा १५ ऐवजी १० सेंटिमीटर झाली, की दोरीवरचा ताण १५० वरून १०० वर येतो. घट्ट बुटांची मागची कड दोरीवर रुतते. म्हणून सुरक्षित जागी थांबल्यावर ते काढून ठेवा.

चढाईला निघण्यापूर्वी आपण नायलॉनचा दोर हातभर हातभर तपासतो. टाचेवरची ही दोरीही दोन बोटांत धरून चाचपून पाहत जा. नायलॉनचा दोर झिजला तर नवा घेता येतो. ही दोरी बदलून मिळत नाही.