मनोरा आणि मोबाइल

मध्यम लहरींच्या केंद्रावर मनोऱ्याच्या टोकाला अँटेना बसवलेला नसतो. तो लोखंडी मनोराच अँटेना असतो. पायथ्याशी चिनी मातीचा जाड इन्सुलेटर, बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा आणि खाली जमिनीत चहूकडे पुरलेलं तांब्याच्या तारांचं जाळं, अशी त्याची मांडणी असते. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी 558 किलोहर्ट्झवर लागते. या वारंवारतेची एक लहर सुमारे 537 मीटर लांब असते. ती नीट हवेत सोडायची तर पाव लहरीएवढा, म्हणजे जवळपास 135 मीटर उंचीचा मनोरा आदर्श मानला जातो, आणि त्याच्याभोवती एकरांनी मोजावी अशी मोकळी जमीन लागते. मालाडच्या मार्वे रस्त्यावर आकाशवाणीचं प्रक्षेपण केंद्र उभारलं गेलं, तेव्हा अशी जमीन मुंबईत मिळत होती.

या लांबलचक लहरीचा एक मोठा गुण आहे. ती जमिनीच्या अंगाने सरपटत जाते, डोंगराला वळसा घालते आणि खोऱ्यात उतरते. पुण्याची विविध भारती 101 मेगाहर्ट्झ एफएमवर आहे. तिची लहर जेमतेम तीन मीटरांची. आवाज कितीतरी स्वच्छ, पण तिचं वागणं बरंचसं प्रकाशासारखं. समोर डोंगर आला की ती अडते. म्हणूनच शहरात एफएम ऐकणाऱ्या माणसाला सह्याद्रीच्या कुशीतल्या गावी गेल्यावर जुन्या ट्रान्झिस्टरची सुई मध्यम लहरींकडे फिरवावी लागते. पुणे केंद्र तिथे 792 किलोहर्ट्झवर खरखरत का होईना, पण लागतं.

आज आकाशवाणीपुढे जो प्रश्न उभा आहे तो या मनोऱ्याभोवतीच फिरतो. कार्यक्रम मोबाइलवर ऐकता येत असताना मनोरे कशासाठी चालवायचे? वीज, जमीन, सुटे भाग, रात्रपाळीचे अभियंते, सगळ्यालाच पैसा लागतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र घाईने दिलं जात आहे.

मुंबईत 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली आणि 1930 मध्ये सरकारने कारभार हाती घेतला. 1936 मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतात आकाशवाणीची सहा केंद्रं होती. त्यांपैकी आजच्या महाराष्ट्रात एकच होतं, मुंबईचं. नागपूर 1948 मध्ये सुरू झालं, पुणे 1953 मध्ये. पुढच्या दोनच वर्षांत, 1955 च्या रामनवमीला, पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ सुरू केलं. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ती 56 गीतं आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर चालली. एका प्रादेशिक केंद्राकडे एवढी कल्पकता आणि एवढा धीर होता, हे आज पुन्हापुन्हा सांगायला हवं.

त्याच सुमारास पुणे केंद्राच्या परिसरात आणखी एक प्रयोग झाला. त्याची आठवण मराठी वाचकांत फारशी उरलेली नाही. 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत शेतकऱ्यांची रेडिओ श्रोतामंडळं बसवली गेली. शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, लगेच त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका, आपले निर्णय केंद्राला कळवत. असे 20 कार्यक्रम झाले. मूळ कल्पना कॅनडाची होती. मूल्यमापनाचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास मांडला. श्रोतामंडळं असलेल्या आणि नसलेल्या गावांची त्यांनी तुलना केली. मंडळांच्या गावांत शेतीची माहिती अधिक रुजली, शिवाय गावाचे प्रश्न एकत्र बसून सोडवायची सवयही लागली. ‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द आज मोबाइलच्या जाहिरातीत दिसतो. तो व्यवहार नगर, नाशिक, कोल्हापूरकडच्या चावड्यांवर सत्तर वर्षांपूर्वी झाला होता, एका संचावर आणि पोस्टाच्या भरवशावर.

डिजिटल तंत्र आकाशवाणीत आलं ते आधी स्टुडिओत. पूर्वी ध्वनिमुद्रण टेपच्या स्पूलवर होई. संपादन म्हणजे नको असलेला तुकडा ब्लेडने कापायचा आणि उरलेली टोकं चिकटपट्टीने जोडायची. टेप महाग, म्हणून कार्यक्रम झाला की ती पुसून पुन्हा वापरायची रीत पडली. त्यात किती नभोनाट्यं आणि किती मुलाखती गेल्या, याचा विचार केला तरी जीव हळहळतो. संगणक आला आणि ही कापाकापी पडद्यावर गेली. उरलेल्या टेप डिजिटल करायला सुरुवात झाली. श्रोत्याला यातलं काही कळलं नाही, कारण त्याच्या घरातला संच तोच होता.

श्रोत्यापर्यंतची वाट बदलली ती ॲपमुळे. ‘न्यूज ऑन एअर’ या प्रसार भारतीच्या ॲपवर आकाशवाणीच्या 240 हून अधिक सेवा थेट ऐकता येतात. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्ज’ हे नवं व्यासपीठ सुरू झालं, त्यावरही या वाहिन्या आहेत. याचं मोल मोठं आहे. बोस्टनमध्ये किंवा मेलबर्नमध्ये राहणारं मराठी कुटुंब सांगली केंद्र लावू शकतं, ही गोष्ट मध्यम लहरींना कधीच साधली नसती. बंगळूरूला नोकरी करणाऱ्या नागपूरकराला आपल्या केंद्राचा आवाज तिकडे ऐकू येतो. प्रसार भारती या ॲपच्या श्रोत्यांची क्रमवारी जाहीर करू लागली, तेव्हा देशातल्या शहरांत पुणे वारंवार वरच्या स्थानांवर दिसलं, आणि वाहिन्यांच्या यादीत अस्मिता व पुणे केंद्र ही मराठी नावंही झळकली.

एक बारीक गोष्ट मात्र या वाटेवर निसटली. तासाच्या ठोक्याला आकाशवाणीवर जे ‘पिप’ वाजतात, त्यावर घरोघरी घड्याळं लावली जात. ॲपवर येणारा आवाज आधी संकेतांत बदलतो, त्याचे तुकडे होतात, ते सर्व्हरवरून निघतात, फोनमध्ये थोडा साठा झाला की मग वाजतात. या सगळ्यात काही सेकंद जातात. शेजारीशेजारी ट्रान्झिस्टर आणि मोबाइल ठेवले तर मोबाइलवरची बातमी मागून येते. त्या ठोक्यावर आता घड्याळ लावता येत नाही.

याहून मोठा फरक मोजणीचा आहे. मनोऱ्यावरून निघालेली लहर किती संचांवर उतरली, हे मनोऱ्याला कळत नाही. दहा जणांनी ऐकलं काय, दहा लाखांनी ऐकलं काय, विजेचं बिल तेवढंच. ॲपचं उलट आहे. प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो आणि तो कुठून, किती वेळ ऐकतो याची नोंद राहते. त्यामुळे आजवर अदृश्य असलेला श्रोता प्रथमच आकड्यांत दिसू लागला. वाहिनी चालवणाऱ्यांना याचा मोह पडणं स्वाभाविक आहे. पण आकड्यांत दिसतो तेवढाच श्रोता, असं समजून निर्णय होऊ लागले तर आकड्यांत न दिसणारा माणूस गाळला जातो. गोठ्यात, शेतावर, रिक्षात, शिवणयंत्राशेजारी जो संच चालू असतो, तो कुठल्याच क्रमवारीत येत नाही. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीचं नेमकं इथेच चुकत आलं आहे.

नागपूरचं उदाहरण घ्यावं. तिथल्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून 1566 किलोहर्ट्झवर 18 मे 1988 पासून राष्ट्रीय वाहिनी चालत असे. रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन मध्यम लहरी शेकडो किलोमीटर दूर पोचतात. त्यामुळे संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी ही वाहिनी देशाच्या फार मोठ्या भागात ऐकू येई. ट्रकचालक, पहारेकरी, रात्रपाळीचे कामगार हा तिचा श्रोतृवर्ग. जानेवारी 2019 मध्ये ती काटकसरीच्या कारणाने बंद झाली. रात्री जागणाऱ्यांसाठी तिची जागा घेणारं दुसरं काही उभं राहिलं नाही.

डिजिटल म्हणजे फक्त इंटरनेट, असं मात्र नाही. मनोरा तोच ठेवून त्यावरून डिजिटल संकेत सोडण्याचं तंत्र आहे. त्याला डिजिटल रेडिओ मोंडिआल, थोडक्यात डीआरएम म्हणतात. आकाशवाणीने देशभरात 35 मध्यम लहरी प्रक्षेपक या तंत्राचे बसवले, आणि जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर ते दुसऱ्या कुणी केलेलं नाही. यात आवाज एफएमच्या तोडीचा येतो, एकाच वारंवारतेवर दोन-तीन कार्यक्रम बसतात, सोबत मजकूर पाठवता येतो, आपत्तीच्या वेळी इशारा देण्याची सोय असते आणि वीज बरीच कमी लागते. जुन्या संचाची खरखर वाढत वाढत आवाज बुडतो. डीआरएमवर आवाज एक तर निर्मळ येतो, नाही तर येतच नाही.

अडचण संचाची आहे. साधा ट्रान्झिस्टर काही शे रुपयांत मिळतो, तर डीआरएमच्या संचाची किंमत हजारांत जाते आणि तो गावातल्या दुकानात दिसतही नाही. काही नव्या मोटारींत तो बसवून येतो, पण गाडीच्या मालकाला बहुधा त्याचा पत्ता नसतो. मागणी नाही म्हणून कारखानदार संच बनवत नाहीत, आणि संच नाहीत म्हणून मागणी वाढत नाही. जनतेच्या पैशातून प्रक्षेपक उभे केले, तेव्हाच स्वस्त संच बाजारात येतील अशी व्यवस्था करायला हवी होती. ते राहून गेलं.

मग वाट उरली एफएमची. 28 एप्रिल 2023 रोजी 100 वॉटचे 91 एफएम प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले. सरकारी माहितीनुसार त्यांनी मिळून सुमारे 35,000 चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलं. भागाकार केला तर एकाच्या वाट्याला चारशे चौरस किलोमीटरही येत नाहीत. तालुक्याच्या गावासाठी ते उपयोगाचे आहेत. एका मोठ्या मध्यम लहरी मनोऱ्याची जागा घ्यायला मात्र असे कितीतरी लागतील.

त्याच महिन्यात केंद्र सरकारने मोबाइल बनवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट बजावली: फोनमधला एफएम रेडिओ बंद करू नका. अनेक फोनच्या चिपमध्ये एफएम घेण्याची क्षमता असते, आणि हेडफोनची तार अँटेनाचं काम करते. तरीही कंपन्या ती सोय झाकून ठेवू लागल्या होत्या. या रेडिओला ना डेटा लागतो, ना टॉवर. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही गेले आणि कित्येक गावांत ते दिवसचे दिवस परतले नाहीत. अशा वेळी ॲप निरुपयोगी ठरतं. दोन सेलवर चालणारा संच चालतो, कारण प्रक्षेपण वादळाच्या टप्प्याबाहेरच्या मनोऱ्यावरून होऊ शकतं.

युरोपातही हा बदल सोपा गेलेला नाही. नॉर्वेने 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद करून डिजिटल स्वीकारलं, आणि छोट्या स्थानिक केंद्रांना एफएमची मुभा ठेवली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने 2024 च्या अखेरीस एफएम थांबवलं आणि तिचे श्रोते लक्षणीय घटले. हे दोन्ही देश श्रीमंत, आणि डिजिटल संच तिथे आधीच घरोघर पोचलेले.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये वेगळं चित्र दिसतं. माण हा दुष्काळी तालुका. माणदेशी फाउंडेशनने 2008 मध्ये इथे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे 90.4 मेगाहर्ट्झचं सामुदायिक केंद्र सुरू केलं. अशा केंद्रांची ताकद थोडी, पोच दहा-पंधरा किलोमीटरची, आणि स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. पण परिसरातल्या बायका इथे आपल्या आवाजात ओव्या गातात, बचतीबद्दल बोलतात, जनावरांचे आजार आणि चारापाणी यांची चर्चा होते. बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’, पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ ही याच कुळातली. श्रोता कोण आहे हे या केंद्रांना आकडे न पाहताही ठाऊक असतं, कारण तो संध्याकाळी बाजारात भेटतो. 1956 च्या श्रोतामंडळांचा वारसा सांगायचा हक्क आज कुणाला असेल तर तो यांना आहे.

मोठ्या केंद्रांच्या श्रोत्यांनाही आवाज असतो, हे जून 2023 मध्ये दिसलं. पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला होता. सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या बातम्यांवर वाढलेल्या माणसांनी त्याला विरोध केला, लोकप्रतिनिधींनी तो दिल्लीपर्यंत नेला, आणि निर्णय थांबला.

यापुढे कुठल्याही केंद्राची मध्यम लहर बंद करण्याआधी तिथल्या गावांत जाऊन संच मोजले जावेत, आणि डीआरएमचा स्वस्त संच तालुक्याच्या बाजारात मिळू लागेपर्यंत जुना प्रक्षेपक चालू राहावा. हे काम प्रसार भारतीचं आहे. श्रोत्यांच्या हातीही एक काम आहे. ज्यांच्या घरी, शेतात किंवा दुकानात आजही मध्यम लहरींवर केंद्र लागतं, त्यांनी गावाचं नाव, ऐकण्याची वेळ आणि आवाज कसा येतो एवढं लिहून एक पत्र आपल्या आकाशवाणी केंद्राच्या संचालकांना जरूर पाठवावं.