मचाणाआधीची शिकार

वाघाची शिकार गोळी सुटण्याच्या कितीतरी आधी ठरत असे, आणि ती ठरवणारी माणसं मेलेल्या वाघासोबतच्या फोटोत क्वचितच दिसत. 1970 पर्यंत परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातल्या रानात शिकारीला नेणाऱ्या कंपन्या राजरोस चालत. आमचं नागपूर हे त्यांचं एक ठाणं. पुढे केंद्रीय मंत्री झालेल्या विद्याचरण शुक्लांनी मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर ॲल्विन कूपर ही अशीच कंपनी काढली होती.

पाहुणा तंबूत असे तेव्हाच खरं काम सुरू होई. वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर संध्याकाळी रेडकू बांधायचं. सकाळी ते जिवंत असेल तर सोडून चारापाणी करायचं; वाघाने धरलं असेल तर गारा (वाघाने मारलेलं सावज) झाला. मग गिधाडांना दिसू नये म्हणून त्यावर फांद्या टाकायच्या. पोट भरलेला वाघ जवळच्याच झाडोऱ्यात पडून असतो, म्हणून मचाणही चुपचाप बांधायचं. मग हाका. गावकऱ्यांची रांग डबे वाजवत एका बाजूने निघे. दोन्ही अंगांना झाडांवर माणसं बसवलेली असत. वाघ बाजूला वळला की ती खोडावर काठीने हलकेच टकटक करत. ओरडायचं नाही, नाहीतर वाघ बिथरून हाकाऱ्यांवरच उलटेल. तेवढ्या आवाजाने तो मधल्या वाटेवर परत येई, आणि ती वाट मचाणाखालून जाई.

रानाचं हे ज्ञान विलक्षण होतं, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण ते वापरलं गेलं वाघाची निसटायची एकेक वाट बुजवण्यासाठी. तार नसली तरी ते कुंपणच होतं.

ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी तर याच्याही पुढे जाऊन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीसाठी आफ्रिकेतून सिंह आणवले. काही काळ बंदिस्त ठेवून ते शिवपुरी-कुनोच्या रानात सोडले. त्या सिंहांनी आधी गुरं धरली, मग माणसं. शेवटी त्यांचा बंदोबस्त करावा लागला. हौस दरबाराची, जीव गावकऱ्यांचे.

दक्षिण आफ्रिकेत आजही हजारो सिंह खासगी फार्मवर वाढवले जातात. लहानपणी पर्यटकांनी कुरवाळलेले बछडे मोठे झाल्यावर बंदिस्त आवारात बंदुकीपुढे उभे केले जातात. आपला काळवीटही टेक्सासच्या रँचवर पैसे मोजून मारता येतो. भारतात तोच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी.

आपल्या या कायद्याचा मला अभिमान वाटतो तो इथे. 2002 च्या दुरुस्तीनंतरची त्यातली शिकारीची व्याख्या बंदिवान प्राण्यालाही लागू होते, आणि हाकणं, आमिष लावणं हीसुद्धा शिकारच ठरते. जुन्या कंपन्यांचं सारं पडद्यामागचं काम त्या एका व्याख्येत आलं.

तरीही नागपुरातल्या सक्करदऱ्याहून उमरेड रोडने पुढे गेलं की लागणाऱ्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात 31 डिसेंबर 2024 ला जिप्सींनी दोन्हीकडून रस्ता अडवून एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसह कोंडलं. हातात बंदुकांऐवजी कॅमेरे होते, पण निसटायची वाट तशीच बुजवलेली होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. निलंबित झाले ते चालक आणि गाईड, म्हणजे जुन्या हिशेबातले हाकारेच.