जैवमाहितीशास्त्र : नोंदींचे शास्त्र आणि वैद्यांचे नवे कार्यक्षेत्र

‘शंखपुष्पी’ या एकाच नावाने उत्तर भारतात कॉन्व्हॉल्व्ह्युलस ही वनस्पती, तर केरळात गोकर्ण वापरली जाते, हे औषधी विक्रेत्यांस नव्याने सांगावयास नको. दुकानात हा घोटाळा जाणकार नजरेने निस्तरता येतो. परंतु संगणकीय कोशात दोहोंचे गुणधर्म एकाच नावाखाली साठविले गेले, तर त्यावर आधारलेला निष्कर्ष सदोष ठरतो. हा धोका टाळणे हे जैवमाहितीशास्त्राचे एक मूलभूत काम होय.

जीवशास्त्र, संख्याशास्त्र व संगणकशास्त्र यांच्या संगमातून हे शास्त्र उभे राहिले. पुणे विद्यापीठात त्याचे केंद्र १९८७ साली सुरू झाले. आज तेथे पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. माहिती-व्यवस्थापक नमुन्यास ओळखक्रमांक देतो, पर्यायी नावे एका प्रमाण नावाशी जोडतो, चुका शोधतो, रुग्णाची ओळख गुप्त राखतो आणि माहितीच्या सुरक्षित प्रती ठेवतो.

या कामाशी आपला संबंध काय? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकृती व जनुकविषयक अभ्यासात ३,४१६ निरोगी पुरुषांची प्रकृती तपासून २६२ जणांची निवड झाली. वैद्यांच्या परीक्षणास पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेल्या ‘आयुसॉफ्ट’ प्रणालीच्या पडताळणीची जोड होती. वैद्याची नोंद नेमकी नसती, तर जनुकीय विश्लेषणास आधारच उरला नसता.

पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे उदाहरणही बोलके आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले. त्यानंतर २००१ साली हाती घेतलेल्या या प्रकल्पात ग्रंथोक्त योगांचे वर्गीकरण करण्यासाठी संगणकतज्ज्ञांबरोबर आयुर्वेदाचे जाणकारही बसले. संहितांची भाषा जाणणारा पदवीधर तेथे उपरा नव्हता; त्याच्यावाचून काम अडले असते.

म्हणूनच व्यवसायाखेरीज अन्य वाट शोधणाऱ्या तरुण वैद्यांनी संख्याशास्त्र, माहितीकोशांची रचना व प्राथमिक आज्ञालेखन शिकावे. आपणही सावंतवाडीच्या बाजारात किंवा आंबोली परिसरातून आलेल्या द्रव्याचे स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, वापरावयाचे अंग, स्थळ व महिना वहीत नोंदवावा. संगणक पुढे कितीही वेगवान झाला, तरी मूळ नोंदीत नसलेली माहिती तो निर्माण करू शकत नाही.