पडलेली दोन घरे

कामगार संघटनेच्या माणसाला 'करुणा' हा विषय दिला, तर तो मागण्यांचे निवेदनच वाचील, अशी धास्ती संयोजकांना वाटली असेल. निवेदन आहे, पण ते शेवटी. शाळेपेक्षा द्वारसभांत अधिक शिकलेला मी माणूस. तेव्हा व्याख्येऐवजी पडलेल्या दोन घरांपासून सुरुवात करतो.

पहिले आपल्याच भागातले. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन होऊन माणसे गाढ झोपली होती. किल्लारीपासून आपल्या जिल्ह्यातील सास्तूरपर्यंत दगडमातीच्या भिंती व जड माळवदे अंगावर कोसळून हजारो जीव गेले. मग सारा महाराष्ट्र धावून आला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. घर मजबूत का बांधले नाहीस, असे त्या बेघरांना कोणी विचारले नाही. करुणा म्हणतात ती हीच.

दुसरे घर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील संगमनेरचे. एक चांभारकाम करणारा गृहस्थ दिवसाला सात-आठ रुपये मिळवी. त्याचे घर पडले. 1969 साली तो मुंबईस आला आणि महिना साडेतीनशे रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या गुंडाला 300 रुपये मोजले. बांबू व प्लॅस्टिक यांना 700 रुपये पडले. म्हणजे फुटपाथही फुकट नव्हता! 1981 साली सरकारने अशा लोकांना हुसकून गावी धाडण्याचे ठरविले, तेव्हा त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागली. ही हकीकत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच आहे.

घर दोघांचेही पडले. मग एकाला मदत आणि दुसऱ्याला हुसकावणी, असे का? कारण आपण करुणेआधी दोष शोधतो. भूकंप कोणाच्या हातचा नव्हे. गरिबीने घर गेले, की मात्र 'आळशी असेल, दारुडा असेल' असा निकाल आपण उभ्याउभ्या देतो. दोष त्याच्या माथी बसला, की आपले देणे फिटते. या वृत्तीने कायद्यातही घर केले. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा अशा अवस्थेत जो चारचौघांत फिरतो, त्यालाही 1959 च्या मुंबई राज्याच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने भिकारी ठरविले. हात पसरलेला दिसलाच पाहिजे, असे नाही!

10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. माणूस फुटपाथवर राहतो तो काम जवळ असते म्हणून. निवारा गेला की रोजीही जाते. फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही. रीतसर सूचना देऊन हलविण्यास मुभा ठेवली. तरी फुटपाथवरचा माणूस हा कष्टकरी आहे, एवढे निकालपत्रात लिहिले गेले.

हे दूरच्या मुंबईचे आहे, असे समजू नका. आपल्याच भूम, वाशी, कळंबकडची कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेव्हा कित्येक महिने कोपीत राहतात. तिथल्या गावकऱ्याच्या नजरेत तीही उपरीच ना? त्याने आपल्या माणसांकडे जसे पाहावे असे आपल्याला वाटते, तसे आपण एस.टी. स्थानकामागे पाल ठोकलेल्या कुटुंबाकडे पाहतो का, एवढेच तपासा.

2011 च्या जनगणनेत देशात 17 लाख 72 हजार माणसे बेघर नोंदली गेली. भूकंपग्रस्तांच्या याद्या झाल्या, म्हणून मदत घरोघर पोचली. पाल ठोकणाऱ्याला पत्ता नसतो. आणि पत्त्यावाचून शिधापत्रिका व मतदारयादी या दोन्ही ठिकाणी तो अडतो. चार आण्यांची भीक घातल्याने ती अडचण सुटत नाही.

तेव्हा निवेदन असे: अशा कुटुंबाला 'इथे का आलात?' असे विचारू नका. काम कुठे करता, मुले शाळेत जातात का, शिधापत्रिका आहे का, हे विचारा. जे नसेल ते मिळवून देण्यासाठी त्यांच्याबरोबर तहसील कचेरीत आणि नगरपरिषदेत चला. एकट्याला तिथे दाराबाहेर थांबवतात. चौघे गेले, की बसायला खुर्ची देतात.