सर्वांच्या मागे उभा राहणारा पुढारी

ब्रह्मानंदपर्व : लेखांक नववा

साळगावकर संघाने १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे फेडरेशन करंडक गोव्यात आणला, त्याची हकीकत या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु मधल्या काळात वेंगुर्ल्याच्या एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र आले आणि त्यातील एका पृच्छेने माझी लेखणी अशी काही अडवून धरली की, तिचा निकाल लावल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटेना. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : फुटबॉलचे मैदान शंभर-एकशेदहा मीटर लांबीचे; आपला आघाडीवीर पलीकडच्या गोलपाशी झुंजत असतो तेव्हा गोलरक्षक दुसऱ्या टोकाला एकटाच उभा; लढाईच्या ऐन गर्दीत ज्याला जाता येत नाही, पंचाशी दोन शब्द बोलायचे तर ज्याला अर्धे मैदान ओलांडावे लागते, अशा माणसाकडे सेनापतिपद देण्यात अर्थ तो कोणता? गोव्याचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांना १९८३ ते १९८६ या काळात भारताचे कर्णधारपद मिळाले, तो ज्येष्ठतेचा मान होता की त्या जागेतच काही गुण आहे?

गुरुजींनी नेम धरून चेंडू मारला आहे, हे मान्य केले पाहिजे. किंबहुना त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला खुद्द युरोपातील फुटबॉलची दप्तरेच पुढे येतील. २०२४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत असा हुकूम निघाला की, निर्णयाबद्दल पंचाशी बोलण्याचा अधिकार फक्त कर्णधाराला, इतर कोणी घोळका करून गेल्यास त्याला पिवळे कार्ड. आणि त्या हुकुमाला लगेच पोटकलम जोडावे लागले की, एखाद्या संघाचा कर्णधार गोलरक्षक असेल तर त्याने आपल्या वतीने मैदानातील दुसरा एक खेळाडू आगाऊ मुखत्यार नेमून द्यावा. ज्या पुढाऱ्याला बोलणी करण्यासाठी मुखत्यार ठेवावा लागतो त्याचे पुढारीपण लंगडे, असे कोणी म्हटले तर त्याला एकदम वेडगळ ठरवता येणार नाही.

तरीसुद्धा मला वाटते की, हा आक्षेप उपजतो तो आपल्या क्रिकेटच्या संस्कारातून. क्रिकेटच्या कर्णधाराच्या हाती खरीखुरी सत्ता असते : गोलंदाजी कोणाला द्यावी, स्लिप किती ठेवाव्यात, डाव केव्हा सोडावा, हे सर्व फर्मान त्याच्याच तोंडून सुटते आणि आपण महाराष्ट्रीय लोक कर्णधार म्हटले की तीच मूर्ती डोळ्यांपुढे आणतो. फुटबॉलच्या कर्णधाराला नियमांच्या पुस्तकाने काय दिले आहे, ते पाहिले तर हसू येते. त्याला कोणताही विशेष दर्जा वा सवलत नाही, संघाच्या वर्तनाची काही अंशी जबाबदारी मात्र त्याच्यावर आहे, असे ते पुस्तक स्वच्छ सांगते. नाणेफेक आटोपली की त्याची सनद जवळजवळ संपली. संघाची निवड आणि व्यूहरचना प्रशिक्षकाच्या हाती, शिक्षा पंचाच्या हाती. अधिकार नाही पण उत्तरदायित्व आहे, अशा चमत्कारिक पदावर बसलेल्या माणसाजवळ दोनच साधने उरतात, एक त्याचा आवाज आणि दुसरे त्याचे वर्तन. आणि या दोन्ही साधनांची कसोटी ज्या जागेवर सर्वांत कडक लागते ती जागा गोलपोस्टाखालची.

आवाजाचे आधी पाहू. मैदानावरील दहा माणसे चेंडूच्या मागे धावत असतात, त्यांची पाठ बहुधा कोणत्या ना कोणत्या प्रतिस्पर्ध्याकडे वळलेली असते; अकरावा तेवढा संपूर्ण चित्र समोर ठेवून उभा असतो. आमच्या मालवण किनाऱ्यावर होडीचा तांडेल मागच्या टोकाला सुकाणूपाशी असतो. वल्ही मारणारे पुढे, आणि त्यांना जे दिसत नाही ते पाहून हाळी देणारा मागे, यात कोणा दर्यावर्दी माणसाला आजवर विपरीत वाटलेले नाही. गोलरक्षकाची हाळी हीच त्याची हुकमत.

ती हुकमत कशी चालते, याचा एक नमुना देतो. पेनल्टी क्षेत्राच्या कडेशी प्रतिपक्षाला फ्री किक मिळाली की बचाव करणाऱ्यांना चेंडूपासून १० यार्ड, म्हणजे ९.१५ मीटर, अंतरावर उभे राहावे लागते. भिंत दोघांची करायची की पाच जणांची, हे अंतर आणि कोन पाहून गोलरक्षक ठरवतो. मग तो जवळच्या खांबाला टेकून एक डोळा बारीक करतो, चेंडू आणि खांब यांना जोडणारी रेषा मनाशी आखतो, आणि भिंतीतला कडेचा गडी त्या रेषेच्या किंचित बाहेर येईपर्यंत हाताने आणि आवाजाने त्याला सरकवत राहतो. कारण चेंडू वळवून मारणारा नेमका त्याच फटीची वाट पाहत असतो. भिंत लागली की तो स्वतः उरलेल्या अर्ध्या गोलाकडे धावतो. एवढा सगळा कारभार पंचाच्या शिटीपूर्वीच्या मूठभर क्षणांत उरकायचा असतो, आणि तो चोख झाला तर पुष्कळदा फटका भिंतीवर आदळून परत जातो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या भिंतीतल्या छाती पुढे करणाऱ्याला.

येथे थोडे गणित मांडल्यावाचून माझ्याने राहवत नाही. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, म्हणजे सुमारे अठरा चौरस मीटरांचा दरवाजा. पेनल्टीचे अंतर ११ मीटर. ताशी शंभर किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू ते अंतर सेकंदाच्या चार दशांशांत तोडतो. एवढ्या वेळात माणसाने पाहावे, ठरवावे आणि झेप घ्यावी, ही अपेक्षाच जवळजवळ अमानुष आहे. म्हणून शहाणा गोलरक्षक झेपेवर विसंबत नाही, तो फटका मारण्याची वेळच प्रतिपक्षावर येऊ नये म्हणून आधीपासून बोलत राहतो. वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते झेपेचे. न घडलेल्या फटक्याचे छायाचित्र कोण काढणार?

याचे मर्म मला मोठ्या स्टेडियमात कळले नाही, ते कळले आमच्या बांद्याच्या पंचक्रोशीत. भातकापणी झाल्यावर कोरड्या पडलेल्या कुणग्यांत मुले बांबू रोवून फुटबॉल खेळतात आणि ज्याला धावणे जमत नाही त्याला गोलात उभे करण्याची तेथे जुनी वहिवाट आहे. अशाच एका सामन्यात एक लठ्ठसा तरुण गोलात होता. पहिल्या अर्ध्या डावात चेंडू त्याच्या हाताला फारसा लागलाच नाही, परंतु त्याची जीभ क्षणभर विसावली नाही. "मेल्या, मागसून इलो बघ!", "डाव्या हाताक जा रे, तो मोकळो सुटलो!" असा त्याचा पुकारा अखंड चालू होता. मध्यंतरानंतर तो पायात गोळा येऊन बाहेर बसला, त्याच्या जागी एक चपळ पण मुखदुर्बळ मुलगा आला, आणि त्याने तीन सुंदर झेपा घेतल्या. मात्र त्या तीन झेपा घेण्याची पाळी आली हेच पुरेसे बोलके होते, कारण चौथ्या वेळी चेंडू आत गेला.

आता ब्रह्मानंदांकडे वळतो. १९८३ मध्ये कलकत्त्याला संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात गोवा आणि बंगाल यांची गाठ पडली, आणि बंगालच्या घरात, बंगाली प्रेक्षकांच्या गजरात, गोव्याने गोल होऊ दिला नाही. गोलशून्य बरोबरीनंतर करंडक दोघांत वाटला गेला. पुढच्या खेपेस मद्रासला पंजाबला १-० असे हरवून गोवा एकटा मानकरी ठरला, कर्णधार ब्रह्मानंद होते, आणि त्या संपूर्ण स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. तेव्हा गोवा हे घटकराज्यही नव्हते. दमण व दीव यांच्यासह तो एक केंद्रशासित प्रदेश होता आणि राज्याचा दर्जा त्याला १९८७ च्या ३० मे रोजी मिळाला, म्हणजे दिल्लीने मोठेपण देण्याआधीच फुटबॉलच्या नकाशावर त्याने ते वसूल केले होते.

एक संपूर्ण स्पर्धा कोरी जाणे हा केवळ दोन हातांचा पराक्रम असू शकत नाही. एखाद्या सामन्यात गोलरक्षक दैवी झेपा घेऊन संघाला वाचवील. परंतु सामन्यामागून सामना गोलाचे दार बंद राहते तेव्हा त्यामागे चार बचावपटूंची आणि त्यांच्यापुढच्या मध्यरक्षकांची एक शिस्त असते, आणि त्या शिस्तीचा कारभारी गोलाच्या रेषेवर उभा असतो. गुरुजी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी या कोऱ्या रकान्यात शोधतो.

त्या काळच्या नियमांचाही विचार केला पाहिजे. आपल्याच गड्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू हातात घेण्यास गोलरक्षकाला १९९२ पासून बंदी झाली. ब्रह्मानंदांच्या ऐन उमेदीत ती नव्हती. बचावपटू कोंडीत सापडला की चेंडू मागे सारी आणि गोलरक्षक तो छातीशी धरी. हातात चेंडू असताना चार पावलांहून अधिक चालायचे नाही, एवढेच बंधन. या सवलतीने खेळ कंटाळवाणा होई, हे खरे आणि म्हणूनच ती गेली. परंतु तिच्यामुळे सामन्याची नाडी गोलरक्षकाच्या हाती असे. आपली माणसे धापा टाकत आहेत की ताजी आहेत, प्रेक्षकांचा आरडाओरडा शमू द्यावा की त्याच लाटेवर चेंडू पुढे फेकावा, हे चेंडू छातीशी धरलेला माणूस ठरवी. पंचाशी वाद घालणाऱ्या कर्णधारापेक्षा ही सत्ता काही कमी नव्हती.

राहिले दुसरे साधन, वर्तन. आघाडीवीराने तीन संधी दवडून चौथी साधली तर तो वीर. गोलरक्षकाने दहा फटके अडवून अकरावा सोडला तर तो गुन्हेगार. त्यातून तो कर्णधार असला तर ज्याच्या हातून चूक घडली त्यानेच इतरांना धीर द्यायचा, अशी दुहेरी शिक्षा. फ्रान्सच्या उगो लोरिसने २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पायातला चेंडू घोळवण्याच्या नादात क्रोएशियाला एक गोल अक्षरशः बहाल केला. फ्रान्सने ४-२ अशी बाजी मारली आणि करंडक उचलण्याचा मान त्याच कर्णधाराला मिळाला, परंतु त्या गोलानंतरची मिनिटे त्याने कशी काढली असतील, हे पाठीमागे उभ्या राहणाऱ्यांनाच ठाऊक.

माझा जीव मात्र जडला आहे तो इटलीचा गोलरक्षक आणि कर्णधार डिनो झॉफ याच्यावर. १९८२ च्या स्पेनमधील विश्वचषकाच्या वेळी तो चाळिशीचा होता. ब्राझीलविरुद्ध इटली ३-२ ने पुढे असताना, अखेरच्या मिनिटांत, ऑस्करने डोक्याने मारलेला चेंडू त्याने गोलरेषेवर दाबून धरला. ब्राझीलचे खेळाडू गोल झाल्याचा पुकारा करीत असताना तो चेंडू जेथे होता तेथेच राहिला. पुढे ११ जुलैला माद्रिदमध्ये पश्चिम जर्मनीला ३-१ ने हरवून त्याने करंडक घेतला. याच माणसाने १९७२ ते १९७४ या काळात आंतरराष्ट्रीय सामन्यांत १,१४२ मिनिटे गोल होऊ दिला नव्हता.

गोलरक्षकाला कर्णधार करण्याचा विचार आपल्याकडेही त्याच सुमारास रुजलेला दिसतो. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताचा कर्णधार भास्कर गांगुली, म्हणजे गोलरक्षकच; उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाने अगदी शेवटी शेवटी केलेल्या एकमेव गोलाने भारत बाहेर पडला आणि घरच्या प्रेक्षकांसमोर तो सल गांगुलीच्या वाट्याला आला. अशा जखमेनंतर निवडसमितीने कर्णधारपद एखाद्या मध्यरक्षकाकडे सोपवले असते तर कोणी बोल लावला नसता; परंतु पुढच्याच वर्षी ते ब्रह्मानंदांकडे, पुन्हा एका गोलरक्षकाकडेच गेले. ज्येष्ठतेचा मान हा त्यात एक अंश असेलही. तथापि केवळ मान द्यायचा असता तर त्यासाठी ती जागा कोणी पुन्हा निवडली नसती, असे माझे मत आहे.

ब्रह्मानंदांना १९९७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री मिळाली, तसेच निवृत्तीनंतर राष्ट्रीय संघाचे गोलरक्षक तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले, हे नित्याच्या वाचकांना ठाऊकच आहे. झेप शिकवता येते, हे मी मैदानांवर पाहिले आहे. आवाज शिकवता येतो काय, याबद्दल मला शंका आहे. मुकाट राहणारा मुलगा शिकवणीने बोलका होईल, पण नेमक्या क्षणी नेमक्या माणसाला नेमके दोन शब्द सांगणे ही वर्षानुवर्षे मागे उभे राहून इतरांच्या पाठी निरखण्याची कमाई आहे, आणि ताळगावचा हा खेळाडू साळगावकरांच्या गोलात सत्तरच्या दशकापासून नव्वदच्या उंबरठ्यापर्यंत तीच कमाई करीत होता.

तेव्हा, गुरुजी, माझा निकाल असा : ज्या संघाला आपल्या कर्णधाराने पंचाशी हुज्जत घालावीशी वाटते त्याने मध्यरक्षक निवडावा, आणि ज्याला हुज्जतीची वेळच येऊ नये असे वाटते त्याने गोलरक्षक निवडावा. आपणांस तो मान्य नसल्यास उलट टपाली कळवावे; वेंगुर्ल्याचे पत्र बांद्यास पोचायला फार दिवस लागत नाहीत. फेडरेशन करंडकाची थकबाकी पुढील आठवड्यात चुकती करीन, आणि त्या दोन वर्षांच्या कथेत प्रशिक्षक टी. षण्मुगम यांचेही नाव येणार असल्यामुळे प्रशिक्षक मोठा की कर्णधार मोठा, हा नवा तंटा उकरून काढण्याचा माझा मानस आतापासूनच जाहीर करून ठेवतो.